झाकून ठेवलेली ताटली

१

सकाळचं दूध गरम करायला टिल्लीने मायक्रोवेव्हचं बटण दाबलं आणि दार उघडलंच नाही.

तिने पुन्हा दाबलं. बटण आत गेलं, टक् झालं, बाहेर आलं. दार ढिम्म. एरवी हे दार इतकं आगाऊ होतं की ओट्याजवळून कुणी पाय आपटत गेलं तरी आपणहून उघडायचं.

"सकाळी सकाळी रुसायला काय झालं तुला?" टिल्ली म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मनातून खूश झाली.

बिघडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. वस्तू कशा बनतात हे शिकायला ती लांब, समुद्रापलीकडे गेली होती. तिथे राहून त्या किती सहज फेकल्या जातात हेही तिने पाहिलं, आणि ते काही तिला पचलं नाही. परत आल्या आल्या तिने वाचनालयाची मागची खोली मागून घेतली आणि दर शनिवारी तिथे दुरुस्तीचं टेबल मांडलं. लोक पंखे आणायचे, इस्त्र्या आणायचे, एक आजोबा तर दाढीचं यंत्र घेऊन यायचे आणि ते सुधारलं तरी गप्पा मारायला पुढच्या शनिवारी पुन्हा हजर व्हायचे. भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फेकू नका, उघडून बघा.

"एवढं शिकून शेवटी पंखेच खोलते," आई शेजारणीला सांगायची. पण सांगताना गालात हसायची.

आजच्या शनिवारी मात्र टेबलाला सुट्टी होती. आज दादा जेवायला येणार होता, आणि जेवण हे नुसतं निमित्त होतं. बाबा गेल्यापासून आई या घरात एकटी राहत आली होती. नळ चालू राहायला लागले, एकच साबण चार वेळा विकत यायला लागला, तशी दादाने गावाबाहेरच्या टेकडीवरची वृद्धांसाठीची एक संस्था बघून ठेवली. स्वच्छ खोल्या, डॉक्टर दाराशी. ते कानावर आलं त्याच आठवड्यात टिल्लीने तिकडची नोकरी सोडली. "आई कुठेही जाणार नाही. मी येतेय," तिने फोनवर ठणकावलं होतं. दादा म्हणाला होता, "थंडी संपेपर्यंत बघू. तोवर ती ठीक वाटली तर राहील तुझ्याकडे. नाहीतर माझं ऐकायचं."

थंडी संपली होती. संस्थेतली एक खोली रिकामी झाली होती. आज दुपारी दादा या स्वयंपाकघरात बसून आईकडे बघणार होता आणि ठरवणार होता.

म्हणून तर दार लगेच उघडायला हवं होतं. अडकलेलं दार ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण दादा आज बोट ठेवायला जागाच शोधत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

२

अशा कामाची एक पद्धत असते आणि टिल्ली पद्धत सोडणारी नव्हती. आधी तिने भिंतीतली पिन काढली. यंत्राची पेटी उघडायची नाही, आतला विजेचा साठा पिन काढल्यावरही माणसाला झटका देऊ शकतो, हे ती टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला बजावायची. पण दाराचं दुखणं बहुतेक वेळा दारातच असतं. दाराच्या कडेला दोन छोटे आकडे असतात, ते खाचेत बसतात. बटण दाबलं की एक पट्टी ते आकडे वर उचलते. मध्ये खरकटं अडकलं, स्प्रिंग जागची सरकली, की झालं.

ती ओट्यावर वाकून फटीत डोकावली. फट स्वच्छ होती. मग तिचं लक्ष काचेकडे गेलं.

काच आतून धुकटली होती.

जाळीमागे, मधोमध, ताटलीएवढा गोल वाफेचा डाग होता. काल संध्याकाळपासून मायक्रोवेव्ह कुणी लावलाच नव्हता. खिडकीतून येणारं ऊन थेट त्याच्यावर पडत होतं, आत कुठेतरी ओल राहिली असणार, तीच तापून काचेवर आली असणार. तिने स्वतःला हे नीट समजावलं. पटण्यासारखंच होतं.

डाग हळूहळू आकसला. जवळजवळ नाहीसा झाला. मग पुन्हा पसरला. पुन्हा आकसला.

ढग सूर्यावर येत-जात असतील, असं म्हणत तिने खिडकीबाहेर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"आई," टेबलाशी वाटाणे सोलत बसलेल्या आईला तिने विचारलं, "यात काही ठेवलं होतंस का गं रात्री?"

"मी कशाला ठेवू?" आई वर न बघता म्हणाली. "तूच नको म्हणालीस ना काल. केवढी डाफरलीस."

३

डाफरली होती, हे खरं होतं.

या घरात मायक्रोवेव्ह हा अर्धा मायक्रोवेव्ह आणि अर्धं कपाट होता. जो उशिरा येईल त्याची ताटली वाढून, वर झाकण घालून आत ठेवायची आणि दार लावायचं. मुंग्या लागत नाहीत, मांजर तोंड घालत नाही, आणि आलेल्या माणसाला हाक मारावी लागत नाही. बाबांची ताटली असायची, दादाची असायची, शाळेतून खेळायला गेलेल्या टिल्लीची तर रोजच. 'ठेवलंय तुझं' एवढंच आई म्हणायची, आणि कुठे ते कुणी विचारायचं नाही.

टिल्ली लांब गेली, बाबा गेले, दादा लग्न होऊन पलीकडच्या भागात राहायला गेला. तरी आई एक ताटली ठेवतच राहिली.

परत आल्यावर टिल्लीने ते पाहिलं आणि तिला गलबलून आलं. म्हातारीची सवय, असू दे. तिने मुकाट्याने चालवून घेतलं. सकाळी ताटली धुऊन जाळीत पालथी घातलेली असायची. आईला रात्री भूक लागत असेल, उठून खात असेल, धुऊन ठेवत असेल. बरंच की. पण काल आईला पुन्हा ती ताटली वाढताना बघून तिच्यातली दुरुस्तीवाली जागी झाली. दोन माणसांच्या घरात तिसरी ताटली कशाला? "मी आलेय ना आता? समोर बसून जेवतेय ना? मग हे नाटक बंद," ती म्हणाली होती. आईने वाढलेली ताटली पातेल्यात परत ओतली होती.

"बरं झालं नाही ठेवलीस ते," टिल्ली आता म्हणाली. "आणि हे बघ, रात्री भूक लागली तर मला उठव. एकटी उठून खात नको जाऊस."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी कुठे खाते? रात्रीचं मला पाणीसुद्धा सोसत नाही."

"मग ताटली कोण रिकामी करायचं?"

"कोण म्हणजे?" आई तिच्याकडे बघून हसली, लहान मुलाच्या खुळ्या प्रश्नाला हसावं तशी. "तूच की."

"आई, मी आत्ता आलेय. त्याआधी इतकी वर्षं मी इथे नव्हतेच."

"हो ना," आई म्हणाली. "पण जेवायचीस."

४

म्हातारपण, दुसरं काय. अशाच वाक्यावर तर दादाने बोट ठेवलं होतं. टिल्ली समुद्रापलीकडे असताना आई त्याला फोनवर सांगायची, 'टिल्ली जेवली हं आज पोटभर.' दादा आधी हसायचा, मग हसेनासा झाला, मग संस्था बघून आला.

आईच खात असणार आणि विसरत असणार. किंवा अन्न टाकून देत असणार. टिल्लीने मान झटकली आणि कामाला लागली. तिने हत्यारांच्या डब्यातून प्लास्टिकची एक पातळ, लांब पट्टी काढली. ती फटीतून खाली सारायची, आकड्याखाली आणायची, वर उचलायची. याने दहातली नऊ दारं उघडतात.

पट्टी आत गेली. आकडा टेकला. तिने हलकेच वर दाब दिला, दुसऱ्या हाताने दार ओढलं. दार बोटभर पुढे आलं.

आणि परत मागे गेलं.

आपटून नाही. स्प्रिंग खेचते तसं तर अजिबात नाही. स्प्रिंग एका दमात खेचते. हे सावकाश गेलं, मध्ये जरा थांबलं, पकड बदलल्यासारखं, आणि मग पूर्ण मिटलं.

टिल्लीने पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय. तिने दारावरचा हात काढला, म्हणाली, "स्प्रिंग वाकडी बसलीये," आणि मोठ्याने म्हटल्यामुळे तिला जरा बरं वाटलं. पट्टी मात्र अजून तिच्या चिमटीत होती. ती हलली. पुढे सरकली. कागद चावणाऱ्या यंत्रात कागद जावा, तशी संथपणे तिच्या बोटांतून निसटत फटीत गेली, आणि शेवटचं टोकही दिसेनासं झालं.

आत कुठेच पडल्याचा आवाज आला नाही.

मग तिने मोबाइलचा दिवा लावला आणि काचेला टेकवला. जाळीची बारीक भोकं उजळली. त्यांच्यामागे, खोल, एक पांढरा ठिपका चमकला. तिच्याच दिव्याचं प्रतिबिंब. असणारच, मागची भिंत गुळगुळीत असते. पण मागची भिंत वीतभर अंतरावर असते आणि हा ठिपका लांब होता. लांबच्या लांब खोलीच्या टोकाला कुणी उभं राहून आपल्याकडे दिवा धरावा, तितका.

तिने दिवा विझवला.

तो ठिपका लगेच विझला नाही. जरा घुटमळला, डावीकडे झुकला, मग गेला.

५

"ओढू नकोस गं तिला," मागून आई म्हणाली. "उपाशी आहे. चिडेल नाहीतर काय करेल?"

टिल्ली गर्रकन वळली. "कोण उपाशी आहे? आई, नीट बघ माझ्याकडे. दादा आला की हे असलं काही बोलायचं नाही. एक अक्षर नाही. कळतंय का तुला?"

तिचा आवाज चढला होता. आईने वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवलं, उठली, ओट्याशी आली. काचेवर तिने हात ठेवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. "चुकलं बाई माझं," ती काचेला म्हणाली. "आज देईन."

काचेवरचा डाग तिच्या तळव्याखाली पसरला.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. "निघालोय. काय खास बेत?"

"काही नाही, नेहमीचंच. भात, वाटाणे-बटाटे."

"वा! म्हणजे परदेशात जाऊन स्वयंपाक काही शिकली नाहीस." मग त्याचा आवाज जरा उतरला. "टिल्ले, संस्थेला संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मला दुष्ट समजू नकोस. मला फक्त रात्री झोप लागायला हवी. ती असं काही बोलते ना, मला रात्रभर झोप येत नाही."

"ती ठीक आहे, दादा."

"ठीक असेल तर मीच पेढे... नाही, तुला गोड चालत नाही. मीच तुझ्या टेबलावर येऊन पंखे पुसेन. झालं?"

फोन ठेवून टिल्लीने ठरवलं, मायक्रोवेव्हचं हे धूड आत्ता मागच्या गच्चीत नेऊन ठेवायचं, वर चादर टाकायची. दुरुस्तीला काढलंय म्हणायचं. विषय संपला. घर झाडताना तिने एकटीने तो उचलला होता, फार जड नव्हता. तिने दोन्ही बाजूंनी हात घातले, गुडघे वाकवले, उचलू पाहिलं.

तो तसूभरही उठला नाही. तिने एक कोपरा तरी उचलून पाहावा म्हणून सगळा जीव लावला. ओटा कुरकुरला. तिच्या कानाशी, पत्र्याच्या आत, अगदी जवळून, कुणीतरी जोर लावताना हुंकारावं तसा आवाज झाला.

तो आपलाच होता, असं तिने ठरवलं. ठरवल्याशिवाय तिला त्या ओट्यापाशी उभं राहता आलं नसतं.

६

दादा आला तो हसत, ओरडत, चपला दोन दिशांना भिरकावत. त्याने आईला जवळ घेतलं, चेहरा निरखला, "छान दिसतेस," म्हणाला. आईनेही त्याच्या पोटावर चापट मारली. "बायको नुसती खायला घालते वाटतं. चालायला नेत नाही कुठे?" दादा खो खो हसला. टिल्लीच्या जिवात जीव आला.

जेवताना आई बोलली, हसली, दादाच्या मुलांची नावं एकदाही चुकली नाही. टिल्ली तिच्या प्रत्येक शब्दामागे धावत होती, तोल जाणाऱ्या माणसामागे हात पसरून चालावं तशी. तिची पाठ ओट्याकडे होती. तिने मुद्दामच तशी बसकण मारली होती. तरी मानेवर मधूनमधून काहीतरी ऊबदार यायचं आणि ओसरायचं.

"कॉफी देशील का थोडी?" जेवण आटपत आल्यावर दादा म्हणाला. "सकाळची उरली असेल तर तीच चालेल. 'करते मी गरम' म्हणू नकोस, मीच करतो." तो उठलाही.

"ते दार बिघडलंय," टिल्ली म्हणाली. "बघतेय मी."

"ऐका! दुरुस्तीवाल्या बाईंच्याच घरी!" त्याने जाता जाता बटण दाबलं. टक्. दार उघडलं नाही. आणि जरा वेळाने आतून आवाज आला. टक्.

"डबल वाजतंय की," दादा म्हणाला. त्याने पुन्हा दाबलं. टक्. आतून टक्. तो वाकून बघायला लागला.

"तुझ्याच्याने नाही उघडायचं," आई टेबलावरून सहज म्हणाली. "तुझे हात रिकामे आहेत."

दादा सरळ झाला. त्याने आईकडे पाहिलं, मग टिल्लीकडे. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. हेच बघायला तो आला होता.

"म्हणजे काय, आई?" त्याने हळू विचारलं.

"अरे, म्हणजे ती गंमत करते," टिल्ली घाईने म्हणाली. "बस ना तू. कॉफी मी गॅसवर करते."

दादा बसला. पण आता तो टेकून बसला नाही. कोपरं टेबलावर ठेवून पुढे झुकला. आई उठली. तिने फडताळातून ताटली काढली, भात वाढला, वाटाणे वाढले, बटाट्याच्या मोठ्या फोडी निवडून वर ठेवल्या.

७

अडवता आलं असतं. टिल्ली उठून ताटली काढून घेऊ शकली असती, आईला खोलीत नेऊन निजवू शकली असती. पण मग आई रडली असती, आणि काय काय बोलली असती, आणि संध्याकाळपर्यंत संस्थेला फोन गेला असता. आणि दुसरंही एक होतं. ताटली बाहेर निघाली तशी पाठीमागची ती ये-जा करणारी ऊब थांबली होती. श्वास धरून कुणी वाट बघावी, तशी.

टिल्ली नुसती ओट्याकडे वळून बसली. दादाचा फोन वाजला, त्याने तो उचलून पाहिला, मान खाली घालून काहीतरी लिहायला लागला. आता आटपून टाक गं, ती मनातल्या मनात आईला म्हणाली. आत्ताच्या आत्ता.

आईने एका हाताने बटण दाबलं. दार लोण्यासारखं उघडलं.

ते टिल्लीच्या बाजूला उघडलं, त्यामुळे तिला दाराची काच दिसत होती आणि आतलं काहीच दिसत नव्हतं. आईचा चेहरा दिसत होता. आईचे हात दिसत होते. दोन्ही हातांत ताटली धरून आई त्या चौकोनापुढे उभी राहिली. ती आत ठेवायला वाकली नाही. नुसती पुढे धरली.

हातातलं ओझं कुणी घेतलं की हात आपसूक थोडे वर येतात. आईचे हात तसे वर आले. ताटली दाराआड गेली होती.

"सावकाश," आई म्हणाली. "गरम आहे."

दादाची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं नाही. त्याच्या मानेवरची शीर मात्र ताठ झालेली टिल्लीला दिसली.

"आई," तो म्हणाला, "कुणाशी बोलतेस?"

आई वळली आणि टिल्लीकडे बघू लागली. तिच्या नजरेत भीती नव्हती, विनवणीही नव्हती. उत्तर कुठून यायचं ते तिला माहीत होतं, एवढंच. टिल्लीला उत्तर ठाऊक होतं. एकच शब्द. त्या एका शब्दावर आई या घरात राहणार होती. तिने ओठ ओले केले, श्वास आत घेतला.

"माझ्याशी, दादा."

टिल्लीचं तोंड अजून मिटलेलंच होतं.

आईने दार लावलं. दादाने मोठा सुस्कारा सोडला, फोन पालथा ठेवला आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसला. "हात्तिच्या," तो म्हणाला. "मी उगाच घाबरलो." त्याने डोळे चोळले. ते ओले झाले होते. "राहू दे आईला इथेच. मी कळवतो त्यांना."

मग तो टिल्लीकडे बघून हसला, किती तरी दिवसांनी, मनापासून.

"आणि तुला एक सांगू? रागावू नकोस. आल्यापासून तू बोललीस की मला कुणी परकी बाईच बोलतेय असं वाटायचं," तो म्हणाला. "आत्ता कशी आपली टिल्ली वाटलीस."